दुसरा बाप्तिस्मा

क्रिनिडेस, जुलै

प्रिय स्ताथिस,

‘प्रिय’ लिहिल्याशिवाय पत्र सुरू करता येत नाही म्हणून लिहिलं. तुझी बायको तुला स्टीव्ह म्हणते, तुझ्या चर्चची मंडळीही स्टीव्ह म्हणतात. त्या दिवशी सकाळी कावालाच्या हॉटेलसमोर मी नावं पुकारली तेव्हा त्या नावाला तूच ‘येस’ म्हणालास, आणि मी मान वर न करता पुढचं नाव घेतलं. टोपी, काळा चष्मा, सुटलेलं पोट. अशी माणसं माझ्या बसमध्ये रोज चढतात आणि संध्याकाळी उतरून जातात. तू मात्र मला पहिल्या क्षणीच ओळखलं असशील. पोट बिघडलंय म्हणून हॉटेलात पडून राहता आलं असतं तुला. तरी बसमध्ये चढलास. का चढलास, हे मला अजून कळलेलं नाही, आणि ते कळत नाही म्हणून जास्त राग येतो.

तुला ओळखलं ते हसण्यावरून. बंदरावर संत पौल जिथे उतरला म्हणतात तिथलं चित्र दाखवून आम्ही निघालो होतो. तुमच्यातल्या एका बाईंनी विचारलं, पौल याच धक्क्यावर उतरला का, की बोटीची जागा तेव्हा वेगळी होती. मी ते ग्रीकमध्ये आमच्या ड्रायव्हरला, लेफ्तेरिसला, सांगितलं, त्याची गाडी चालवता चालवता तेवढीच करमणूक. तो म्हणाला, “सांग त्यांना, हाच धक्का, हीच फेरीबोट, आणि त्या दिवशीही लेटच होती.” मला हसू आलं. आणि मागून दुसरं हसू आलं. आधी ठसका लागल्यासारखा आवाज, मग दाबून धरलेली खिसखिस. बाबा चर्चमध्ये हसायचे तसं. त्या बसमध्ये ग्रीक कळणारी माणसं दोनच असायला हवी होती. मी आरशात पाहिलं तर तू खिडकीबाहेर बघत होतास आणि ओठ चावत होतास.

त्यानंतर मी काय बोलले मला आठवत नाही. तोंड आपलं आपण बोलत राहतं, इतकी वर्षं हेच बोलतेय. हा रोमन रस्ता, इथून सैन्यं गेली, इथे सिकंदराच्या बापाने सोन्याच्या खाणीसाठी शहर वसवलं. मनात एकच होतं, की खाली उतरल्यावर हा माझ्याकडे येईल. गर्दी टाळून, कुठेतरी खांबाआड, पण येईल. तू आला नाहीस. त्या जुन्या भग्न शहरातल्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तुझ्या बायकोने तुला आणि मला शेजारी उभं केलं आणि फोटो काढला. जॅनीन तिचं नाव, वहिनी म्हणायला हवं, पण तिला बिचारीला काय माहीत. “स्टीव्ह, जरा जवळ सरक की, गाइडबाई काही चावत नाहीत,” म्हणाली. तू सरकलास. तुझा दंड माझ्या दंडाला लागला. इतक्या वर्षांनी भावाचा हात लागला तोही फोटोसाठी.

मग चौकात चालताना तिनेच मला हळूच सांगितलं, “याचा जन्म तुमच्याच देशातला. लहानपणीच आईवडील अपघातात गेले, कुणी नव्हतं म्हणून ऑस्ट्रेलियाला पाठवलं. भाषासुद्धा विसरलाय. म्हणूनच मी हट्टाने घेऊन आले. त्याच्या मनाला जरा बरं वाटेल.” मायाळू बाई आहे. तुझ्या हाताला धरून उंचसखल दगडांवरून नेत होती, जणू तूच ते अनाथ पोर आहेस. मी तिला म्हटलं, “हो, काही जणांच्या नशिबी असतं असं.” आणखी काय म्हणणार होते? बाबांना तर तू आधीच संपवलं होतंस. पण जिवंत आईला मारून टाकायची काय गरज होती रे? ती त्या घटकेला तिथून जवळच, ओढ्याकाठच्या चर्चमध्ये मेणबत्त्यांची थोटकं गोळा करत होती.

म्हणून पौलाचा तुरुंग म्हणून दाखवतात तिथे मी त्याची गोष्ट तशी सांगितली. खरं तर तो तुरुंग नव्हे, पाण्याचं टाकं आहे, हे मी रोज सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं. मी म्हटलं, पौल आणि त्याचा सोबती इथे बेड्यांत होते. रात्री भूकंप झाला, दारं उघडली, बेड्या गळून पडल्या. सगळे जण भूकंपाचा चमत्कार लक्षात ठेवतात. तुम्ही त्या पहारेकऱ्याकडे बघा. दारं उघडी दिसल्यावर त्याने स्वतःवरच तलवार उपसली, कारण कैदी पळाला तर शिक्षा पहारेकऱ्याला होते. पौलाला पळता आलं असतं. तो पळाला नाही, कारण आपण पळालो की हा मरेल, हे त्याला माहीत होतं. मी तुमच्या पाळकांकडे बघून विचारलं, “एका साध्या पहारेकऱ्याचा विचार करायला संतच असावं लागतं का?” ते म्हणाले, “सुंदर मुद्दा.” तू टोपी काढून चेहरा पुसत होतास. तुझी मुलगी टिली माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघत होती.

पाणी प्यायला सगळे सावलीत पांगले तेव्हा तू पहारेकऱ्यांच्या त्या लाकडी खोलीपाशी जाऊन उभा राहिलास. बाबा पहारेकरी असताना बसायचे त्याच खोलीपाशी. मी मागून येऊन “स्ताथिस” म्हटलं. तू इंग्रजीत म्हणालास की माझी काहीतरी गफलत होतेय. मी तिथेच उभी राहिले. मग मान खाली घालून आपल्या भाषेत म्हणालास, “आर्गिरो, आज नको. त्यांना काही माहीत नाही. तुझ्या पाया पडतो.” भाषा तर विसरला नव्हतास. गावचा हेलसुद्धा तसाच आहे.

त्यांना माहीत नाही ते मी इथे लिहिते. तुलाही कुणी तोंडावर कधी सांगितलेलं नाही. त्या ईस्टरला खोदकामात सापडलेलं संगमरवरी बाईचं डोकं भांडारात कुलपात होतं. किल्ल्या बाबांच्या विजारीच्या खिशात, आणि विजार आपल्या घरातल्या खिळ्याला. ते डोकं तू थेसालोनिकीच्या एका दलालाला दिलंस आणि त्याच आठवड्यात देशाबाहेर गेलास. पोलीस आले तेव्हा बाबांना सगळं कळलं होतं. त्यांच्या खिशाला हात लावू शकणारा घरात दुसरा कोण होता? तरी ते एवढंच म्हणाले, “कुलूप लावायला मी विसरलो.” त्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. लोक म्हणाले, विकलं म्हाताऱ्याने. नोकरी गेली, तुरुंग झाला, आणि परत आले ते निम्मे होऊन. कॉफीच्या दुकानात ते शिरले की टेबलावरची माणसं पत्ते खाली ठेवायची. मग त्यांनी जाणंच सोडलं. दवाखान्यात शेवटी मला सांगितलं, कुणाला बोलू नकोस, पोरगा कधी परत आला तर त्याला गावात तोंड दाखवता आलं पाहिजे. आईने माझ्याकडून देवाच्या तसबिरीवर हात ठेवून शपथ घेतली. ती मी पाळली. मी त्या भग्न शहरात रोज चोराची मुलगी म्हणून फिरते. तिकीट खिडकीवरची नवी पोरंसुद्धा माझ्या पाठीमागे तसंच म्हणतात, मला ठाऊक आहे.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की दुपारी ओढ्यावर गेल्यावर आईला तुझ्यासमोर आणायचं, बस्स. पण तुम्हीच माझ्यापुढे गेलात. लुदिया नावाच्या बाईने युरोपात पहिला बाप्तिस्मा घेतला ती जागा, म्हणून तुमच्यातले पाचसहा जण पांढरे झगे घालून पाण्यात उतरायला तयार झाले, आणि त्यांत जॅनीनने तुझं नाव घातलेलं होतं. तू नको नको म्हणत होतास. ती म्हणाली, “इतक्या लांब येऊन आता लाजतोस काय?” आई समोरच्याच बाकावर बसली होती, मांडीवर टॉवेल घेऊन. ओले होऊन वर येणाऱ्यांना ती टॉवेल देते, तिचं ते रोजचं आहे. पाळकांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, “यापूर्वी कधी बाप्तिस्मा झालाय?” आणि तू म्हणालास, “नाही.”

ज्या चर्चच्या घंगाळात तान्हेपणी बाप्तिस्मा होताना तू रडून रडून निळा झाला होतास, जिथे बाबांनी सगळ्या गावाला जेवण घातलं, ते चर्च तिथून चालत जाण्यासारखं आहे. आईला इंग्रजी येत नाही, देवाची कृपा. तू पाण्यात गेलास, बुडालास, वर आलास, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काठावर आईने टॉवेल पुढे केला. “घे बाळा, डोकं आधी पूस, वारं आहे,” म्हणाली. असं ती सगळ्यांनाच म्हणते. तू टॉवेल घेतलास, तिच्या पायांकडे पाहिलंस आणि ‘थँक यू’ म्हणालास. मी दोन पावलांवर होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात तुझं सगळं घर तिथे ओढ्यात बुडालं असतं. आईच्या चेहऱ्यावर इतकी शांतता होती की मला वाटलं, हिने ओळखलं नाही, तर हिला कशाला हे दुःख? म्हणून गप्प बसले. तुझ्यासाठी नाही.

घरी आल्यावर आई शेंगा सोलत होती. ओंजळभर दाणे परातीत टाकले. मग म्हणाली, “अजून नाक धरतो.” मी विचारलं, कोण. “समुद्रात उडी मारायचा तेव्हासुद्धा नाक धरायचा. तुझे बाबा हसायचे त्याला.” मी म्हटलं, आई, ओळखलंस तर बोलली का नाहीस? ती म्हणाली, “त्याने ओळखलं नाही ना मला. मग मी कशी बोलणार?” आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. त्या रात्री ती जेवली नाही. मी भांडी घासताना एक बशी भिंतीवर फेकून फोडली. आता पन्नाशी उलटलीय माझी, असल्या गोष्टी शोभत नाहीत, पण फोडली.

इथवर वाचून तुला वाटत असेल की मनातलं विष ओकायला हे पत्र लिहिलंय. तेवढ्यासाठी मी टपाल हापिसात गेले नसते. तुम्ही सगळे विमानाने परत गेलात आणि टिली अथेन्सला मैत्रिणींबरोबर राहिली, असं तुला वाटतंय. मागच्या मंगळवारी ती आमच्या दारात उभी होती, पाठीवर पिशवी घेऊन. म्हणाली, “बसमध्ये ड्रायव्हर काहीतरी बोलला आणि तुम्ही हसलात. माझे बाबाही हसले. ज्यांना ग्रीक येत नाही ते.” घर शोधताना तिने कॉफीच्या दुकानात माझं नाव विचारलं होतं. तिथल्या म्हाताऱ्याने एक शब्द उच्चारून वरच्या आळीकडे बोट दाखवलं, आणि पोरीने तो शब्द फोनवर घालून अर्थ काढला. आई तिला वाढत होती, तिचा हात सोडत नव्हती. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघून टिलीने विचारलं, “आजोबांनी काय चोरलं होतं?” मी ते आईला सांगितलं. आईने फोटोकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि म्हणाली, “सांग तिला, गरिबी होती, चूक झाली त्यांच्या हातून.” अजूनही, स्ताथिस. नातीसमोरसुद्धा तिने नवऱ्याला चोर ठरवलं आणि तुला वाचवलं. ते वाक्य मी इंग्रजीत केलं नाही. मी टिलीला सांगितलं, आजोबांनी आयुष्यात कुणाची सुतळीसुद्धा उचलली नाही, आणि याहून जास्त सांगायला मी शपथेने बांधलेली आहे, बाकीचं तुझ्या वडिलांना विचार. आई काय ते समजली, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पंधरा ऑगस्टच्या देवमातेच्या सणापर्यंत टिली इथेच आहे, मग घरी येईल. मी तिला म्हटलं, आत्ता फोन लाव हवा तर. ती म्हणाली, “नको आत्या, फोनवर ते काहीतरी बनवून सांगतील. त्यांना आधी विचार करायला वेळ देऊ या.” लिफाफ्यावरचं अक्षर तू दारातच ओळखलं असशील. पत्ता तिनेच लिहून दिला. आत काय आहे ते तिने विचारलं नाही.

तुला नको असले तरी तुझीच बहीण,
आर्गिरो