नऊ चिंचोके

दौंड, १४ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप आबा,

मंदाचा दौंडवरून पाया पडून नमस्कार. माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर मिळतं.

मी कामाला लागले त्या हितल्या घरात आपल्या भानुदादासारखीच, वयानं वाढलेली पण मनानं लहान राहिलेली बारा माणसं हायेत. त्यातले अयुबमामा पन्नाशीचे. भाऊ भेटायला कवा येणार, हे ते दिवसभर विचारायचे. मी रोज "उद्या" म्हणायची. एकदा ते हळूच म्हणाले, "उद्या लई लांब हाय."

तवापासून जेवढे दिवस उरले, तेवढे चिंचोके मी त्यांच्या खिशात घालते. रोज सकाळी एक कुंडीत टाकायचा. खिसा रिकामा झाला की भाऊ येतो. आता ते लांबच्या आगगाडीचा आवाज ऐकत, खिसा चाचपत, आपल्याशीच हसत बसतात.

आबा, निघताना मी दादाला "उद्या येते" म्हणून आले. तो अजून दारात बसतो का? खरं कळवा.

मी २३ तारखेला येते. पाकिटात नऊ चिंचोके हायेत. पत्राला उशीर झाला, तर सरलेल्या दिवसांचे तुम्ही गुपचूप काढून ठेवा. दादाला रोज एकच द्या, घोडनदीत टाकू द्या. सगळे एकदम देऊ नका. तो एकाच दिवशी सगळे टाकील, आन् मी आलेच म्हणून फाट्यावर जाऊन बसंल.

तुमची,
मंदा