भर हिवाळ्यात बांधून ठेवलेली गाडी

प्रिय योव्नादादा,

रोज फोनवर बोलणारी बहीण आज एकदम पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. बाबा बरे आहेत, जेवतायत, घोरतायत. पण फोनवर तू मला दोन मिनिटांत पटवतोस रे. तुझं ते "रिस्तेन, शांत हो, आपण जरा प्रॅक्टिकल विचार करू" सुरू झालं की मी "बरं" म्हणते, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की मला "बरं" म्हणायचंच नव्हतं. शिवाय बाबा समोरच बसलेले असतात, आणि जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. तेव्हा पूर्ण वाच. मध्येच फोन उचलू नकोस.

आधी बातम्या. हिवाळ्याच्या लांबलचक रात्रीनंतर सूर्य परत आलाय. अजून नुसता टेकडीवरून डोकावतो आणि जातो, पण तेवढ्यावरही गावाला सॉलिड चढलीय. सकाळपासून सगळ्यांच्या स्नोमोबाइल गाड्या गोठलेल्या तळ्यावर. हेइका काकांनी बर्फाला भोक पाडून एवढा मोठा मासा काढला की तो दाखवायला ते दारोदार फिरले, आणि प्रत्येक दारात मासा थोडा वाढत गेला. सुसान्ना काकूंचे रेनडियर वरच्या कुरणावर गेलेत, त्यामुळे त्या दिवसभर गाडीवरच असतात. सगळ्या गावात एकच गाडी उभी आहे, आपली. शेडमध्ये, लाकडी घोड्यांच्या टेकूवर चढवलेली, वर ताडपत्री. हो, फेब्रुवारीत. बाबांनी ती उन्हाळ्यासाठी ठेवतात तशी ठेवून दिलीय.

हे वाचून तुला बरं वाटलं असेल, आणि मला त्याचीच भीती वाटते. "चला, प्रश्न सुटला," असं म्हणाला असशील. सुटला नाहीये, दादा. तुला मी आजवर अर्धंच सांगितलंय.

नोव्हेंबरची गोष्ट तुला माहीत आहे. बाबा जाळं बघायला गेले आणि जेवायच्या वेळेपर्यंत आले नाहीत. मी हेइका काकांच्या गाडीवरून शोधत गेले, तर नदी तळ्याला मिळते तिथे, जिथे बर्फ कधीच नीट धरत नाही, तिथे हे गाडीवर बसलेले. इंजिन चालू. मला म्हणाले, "आई कुठंय? दुसरं जाळं घेऊन येणार होती ना?" आईला जाऊन किती वर्षं झाली! मी त्यांना गाडी घराकडे वळवायला सांगितली. परत येताना मात्र बाबांनी गाडी अशी काढली की काय सांगू, एकही चूक नाही. आणि घरी येऊन म्हणाले, "वाट चुकलो, एवढंच. तू पण चुकतेस." त्याच आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "त्यांना गाडीवर बसू देऊ नकोस. कसंही कर, पण कर." नंतर विचारलंस, "केलंस?" मी म्हटलं, "केलं." तू म्हणालास, "शाबास." कसं केलं ते तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही.

किल्ली लपवता येत नव्हती. तू शहरात राहून विसरला असशील, पण इथे अजून किल्ली गाडीतच असते. वादळात सापडलेल्या कुणालाही गाडी नेता आली पाहिजे. किल्ली काढली असती तर संध्याकाळपर्यंत अख्खा गाव बाबांना विचारत आला असता की आइलो, तुझ्या घरी चोर शिरलेत की काय. तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. आपल्या बाबांना "गाडी चालवू नका" असं सांगायचं? ज्यांनी या गावातली प्रत्येक गाडी एकदा तरी उघडून दुरुस्त केलीय त्यांना? मग मला काय सुचलं सांगू? आपला खेळ.

आठवतो ना? दर वर्षी पहिला बर्फ पडला की बाबा गाडी शेडमधून काढायचे आणि आपल्यासाठी मुद्दाम एक बिघाड करून ठेवायचे. जो शोधेल त्याची पहिली फेरी. कधी प्लगची वायर ढिली, कधी टाकीच्या झाकणातलं भोक बुजवलेलं. आणि एका वर्षी ती बारीक नळी. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाला इंजिनाचा श्वास पोचवते ती. बाबांनी तिच्यात बर्चच्या काडीचा तुकडा बसवला होता. गाडी चालू व्हायची, थोडं फुरफुरायची आणि मरायची. तू कार्बोरेटर खोललास, फिल्टर खोललास, शेवटी रडलास. बाबा म्हणत होते, "अरे, आधी ऐक. उपाशी मरतेय का गुदमरून मरतेय?" मी ऐकलं. नळी मी शोधली. पहिली फेरी माझी, आणि तू दिवसभर माझ्याशी बोलला नाहीस.

तर तेच केलं मी. तशीच काडी तासून, त्याच नळीत. आणि दादा, खरं सांगते, मला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं. काय आयडिया आहे! गाडीला धक्का नाही, कुणाला संशय नाही. मला वाटलं, बाबा एक-दोन दिवसांत शोधतील, माझ्याकडे बघून हसतील, मग मी हसत हसत विषय काढीन. कारण हा त्यांचाच बिघाड होता. त्यांना तो सापडणार नाही असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यांना तो सापडला नाही.

त्यांनी कार्बोरेटर साफ केला. परत केला. पेट्रोल बदललं, फिल्टर बदलला, प्लग बदलला. प्रत्येक वेळी गाडी चालू व्हायची, त्यांचा चेहरा उजळायचा, आणि गाडी मरायची. मी दारात कॉफी घेऊन उभी. रोज ठरवायचे की आज सांगते, आणि रोज ती नदीची जागा डोळ्यांसमोर यायची. पण नुसतं तेच कारण नव्हतं. माझी लाज वाढत चालली होती, आणि लाज वाढली की तोंड उघडायला आणखी जड जातं. हेइका काका येता-जाता ओरडायचे, "काय आइलो, डॉक्टरच आजारी पडला का?" बाबा आधी उत्तर द्यायचे, "तुझ्या गाडीसारखी हिला रोज खोकायची सवय नाही, म्हणून वेळ लागतोय!" नंतर नंतर नुसते हसायचे. मग शेडचं दार आतून लावून घ्यायला लागले.

आणि मग सुसान्ना काकू आल्या. त्यांच्या गाडीचा बेल्ट सारखा घसरत होता. इतकी वर्षं त्या अंगणात गाडी लावून बाहेरूनच ओरडायच्या, "आइलो, बघ रे हिला काय झालंय!" या वेळी बाबा पायरीवर बसले होते. काकू त्यांच्याशी हवापाण्याचं बोलल्या, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "रिस्तेन, तूच बघ ना. त्यांना कशाला त्रास." हळूच म्हणाल्या, पण बाबांचे कान अजून चांगले आहेत. मी गाडी बघितली. मला जमलं, दादा. पुली साफ केली, बेल्ट बदलला, गाडी मस्त पळाली. काकू म्हणाल्या, "पोरगी बापावर गेली गं!" आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. सगळ्यांत वाईट भाग हा आहे. मला आनंद झाला. तुला माहितीये ना मला या कामाचं किती वेड आहे ते. आणि मी काम करत होते तेव्हा बाबा उठून आले, बॅटरी घेतली आणि मला उजेड धरला. जिथे मला दिसत नव्हतं बरोबर तिथे. काम संपेपर्यंत हात हलला नाही त्यांचा.

त्यानंतर लोक माझ्याकडेच यायला लागले. मी कुणालाच नाही म्हटलं नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी बाबा म्हणाले, "चल, गाडी ठेवून देऊ." मला वाटलं आत ढकलायची म्हणतायत. तर ते पत्र्याचं भांडं, ग्रीसचा डबा, तारेचा काथ्या, सगळं काढून बसले होते. म्हटलं, "बाबा, अजून अर्धा हिवाळा आहे!" म्हणाले, "म्हणून काय झालं? बंद गाडी नीट ठेवली नाही तर सडते." हेइका काका कुंपणापाशी थांबले. "उन्हाळा आला का रे आइलो? मग मी शर्ट काढू का?" बाबा वर न बघता म्हणाले, "तुझ्याकडे नसेल आला. माझ्याकडे आला." काकांचं हसू तिथेच थांबलं. हातमोजा घातलेला हात हलवल्यासारखा केला आणि गेले बिचारे.

मग त्यांनी गाडी ठेवली. मी नुसती हाताखाली. आणि ते सगळं त्यांना येत होतं रे! टाकीतलं, कार्बोरेटरमधलं पेट्रोल थेंबभरही न ठेवता काढलं. प्लग काढून तिथून इंजिनात ऑइल सोडलं आणि स्टार्टरची दोरी इतकी सावकाश ओढली की पिस्टनचा नुसता सुस्कारा ऐकू आला. मागची बाजू घोड्यांवर चढवून बर्फावर फिरणारा खालचा पट्टा मोकळा लोंबता केला, त्याचा ताण ढिला केला. "ताणलेला ठेवला तर उन्हाळाभर थकतो, आणि जमिनीला टेकवलास तर कुजतो," असं मला पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं म्हणाले. सायलेन्सरच्या तोंडात काथ्या कोंबला, उंदीर घर करतात म्हणून. बेल्ट काढून घरात खुंटीला लावला. मग फडकं घेऊन एकेक नळी पुसायला लागले. त्या नळीपाशी त्यांचा हात आला. मी मनात म्हणत होते, थांबा, दाबून बघा, आत काहीतरी कडक लागेल. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत नीट पुसली आणि पुढची घेतली.

काम झाल्यावर ताडपत्री घालताना म्हणाले, "लहानपणी तुम्हा दोघांसाठी मी हिच्यात बिघाड करून ठेवायचो. आता हिनं माझ्यासाठी केलाय." आणि जरा थांबून, हसल्यासारखं करून म्हणाले, "नापास झालो, पोरी. हे योव्नाला सांगू नकोस. त्याला वाटतं अजून मला सगळं येतं."

मी काय केलं असेल? ताडपत्रीचं दुसरं टोक बांधलं.

त्या दिवसापासून बाबा बाहेर जात नाहीत. खिडकीतून तळ्यावरच्या गाड्या बघतात. आवाजावरून कुणाची ते ओळखतात, एकही चुकत नाही, पण बोलून दाखवत नाहीत. नेहमीसारखे कॉफीत चीजचे तुकडे टाकतात आणि ते मऊ होऊन तळाशी बसेपर्यंत पीत नाहीत. आपण त्यांना नदीपासून वाचवलं, दादा, हे खरं आहे. पण ते बुडायचे राहिले आणि खिडकीत बसून राहिले. आणि त्यांना वाटतंय की हे त्यांच्या डोक्यानं केलं. डोकं थोडं केलंही असेल. त्यांचाच जुना बिघाड त्यांना सापडला नाही, हे मी विसरणार नाहीये, डॉक्टरांनाही सांगणार आहे. पण बाकीचं आपण दोघांनी केलंय.

पोस्टाची बस उद्या सुटते, म्हणजे शनिवारच्या आत हे तुझ्या हातात असेल. शनिवारी कॉफी झाली की मी बाबांना शेडमध्ये नेणार आहे आणि त्यांच्यासमोर ती नळी काढून काडी त्यांच्या हातात देणार आहे. घातली मी आणि कर म्हणालास तू, हे दोन्ही सांगणार आहे. तुझं नाव घेऊ का असं विचारत नाहीये. घेणार आहे, हे कळवतेय. मग नोव्हेंबरमध्ये ते कुठे सापडले आणि मला काय म्हणाले, तेही पहिल्यांदा तोंडावर सांगणार. आणि हेही सांगणार की यापुढे दुरुस्ती तुमची, गाडी चालवणार मी, एकटं बर्फावर जायचं नाही. ते चिडतील. कदाचित माझ्याशी वसंत येईपर्यंत बोलणार नाहीत. चालेल मला. पण आधी ते तुला फोन करतील, त्या मोठ्या आवाजात, जणू इथून नुसतं ओरडूनच तुझ्यापर्यंत पोचायचंय. तेव्हा काहीच माहीत नसलेल्या मुलासारखं "काय झालं, बाबा?" असं विचारू नकोस. नुसता त्यांचा नंबर दिसला की उचल, आणि ते काही म्हणायच्या आत तू बोल.

तुझीच,
रिस्तेन