सुलेखाची हवा

३ नोव्हेंबर
आजपासून मी बजाजनगरची झाले! पैठणहून टेम्पोत सामान आलं: शिलाई मशीन, पेट्या, आईनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी. चौतिशी उलटल्यावर लग्न, म्हणून गावात कुजबुज होती. पण विहारात पांढऱ्या साडीत उभी राहिले तेव्हा वाटलं, उशीर तर उशीर. हे, म्हणजे सम्यक, वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. बोलणं मऊ. पहिली बायको सुलेखा दम्यानं गेली, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. घर पहिल्या मजल्यावर, उजेड भरपूर. स्वयंपाकाचा कट्टा पुसताना लई दिवसांनी गाणं गुणगुणले.

७ नोव्हेंबर
बेडरूममध्ये हवा शुद्ध करायचं मशीन आहे, सुलेखासाठी आणलेलं. दिवसभर चालू असतं आणि त्याचा लाल दिवा काही हिरवा होत नाही. माझा घसा खवखवतोय. पैठणला मेडिकलच्या दुकानात कामाला होते, तिथं बसून बारीक अक्षरं वाचायची खोड लागलीय, म्हणून शोध घेतला. फोनवर शहराच्या हवेचा आकडा बरा दिसतो, पण तो दूरच्या केंद्राचा. इथं सकाळी ट्रकांची धूळ, अन् वारा कारखान्यांकडून फिरला की थिनरसारखा वास. धुळीला हेपा, म्हणजे बारीक घड्या घातलेल्या कागदाचा फिल्टर, पुरतो. वासाला, वायूला दाणेदार कार्बनचा जाड थर लागतो. आत नुसता हेपा आहे, तोही कधीचा भरून गेलेला. इथल्या हवेला तो अर्धाच उपयोगी. ह्यांना सांगितलं. ह्यांचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाले, “राहू दे तो. तिचा आहे.”

११ नोव्हेंबर
खालच्या मनकर्णाबाई कढीपत्ता घेऊन आल्या. सुलेखाच्या गोष्टी थांबेनात. ती खोकली की सम्यक ड्युटी टाकून पळत यायचा, तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा म्हणे. “असा नवरा लई नशिबानं मिळतो, बाई.” मी हसले. माझ्या पाठीला त्या हातानं अजून स्पर्शही केलेला नाही. हे झोपतात ते मशीनकडं तोंड करून. मेलेल्या बाईचा हेवा करू नये. करते.

१६ नोव्हेंबर
मशीनच्या मापाचा, कार्बनवाला नवा फिल्टर मागवला होता, तो आज आला. हे ड्युटीवर होते. जुना बाहेर ओढला. घड्याघड्यांत करडा थर, त्यात लांब सरळ केस. माझे कुरळे आहेत. वाळ्याच्या तेलाचा वासही येत होता, ताजा; मी ते तेल लावत नाही. कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकला आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिले. नवा बसवला. थोड्या वेळानं दिवा हिरवा! सवतीला घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. हे आले, दारातच थबकले. खोलीला कसलाच वास येत नाही म्हणाले. जेवले नाहीत.

१८ नोव्हेंबर
दिवा हिरवा, तरी खोकला लागला. खोल, शेवटी शिट्टी वाजणारा. असा मी कधी खोकले नव्हते. हे हातातला चहा टाकून धावत आले. पाठीवरून हात फिरवला. पहिल्यांदा. सुखानं रडूच आलं मला. मग ते म्हणाले, “हळू, सुलेखा. हळू.”
दुपारी मनकर्णाबाईंनी जिन्यात विचारलं, वर कोण खोकत होतं. मी म्हटलं मी. त्या नाय म्हणाल्या, हा आवाज मी ओळखते. घाईघाईनं दार लावून घेतलं त्यांनी.

२१ नोव्हेंबर
आता मी खोकल्याची वाट बघते. तो आला की गरम पाणी, भरवलेला घास, तो हात. खोकला थांबला की मी ह्यांना दिसतच नाही. मी संघमित्रा, असं आज स्पष्ट सांगितलं. लहान लेकराकडं बघावं तसे हसले. ह्यांचं प्रेम माझ्या छातीतल्या आवाजावर आहे. माझ्याच खोकल्याचा मला हेवा वाटतोय —

२४ नोव्हेंबर
जुना फिल्टर मशीनमध्ये परत. तेच केस. नवा बाल्कनीत, मोडलेला. जुना कुठून आणला, ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “मी कशाला आणू? तिनंच आणला.” दिवा लाल. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावतायत. बाहेरची हवा तुला सोसत नाही, म्हणतात. मोबाईल सापडत नाही. ड्युटीवर जाताना बाहेरून कडी —

२७ नोव्हेंबर
दार वाजवलं. ओरडले — निघाला खोकलाच. खालून मनकर्णाबाई कुणाला तरी सांगत होत्या, वर जाऊ नका, ती आलीय. वाळ्याचा वास. उशीवर सरळ केस — माझेच गळलेले? —

२८ नोव्हेंबर
सकाळ. खोकला थांबला. श्वास आत येतो, बाहेर — नाही —
पण खोकला ऐकू येतोय. स्वयंपाकघरातून. मी इथं गप्प आणि तो तिकडं —
हे उठले. मला ओलांडून गेले. पाणी ओतलं. हळू, म्हणाले. साडीवरून हात फिरतोय, ऐकू येतंय — ती हसली —
अहो — आवाज फुटत नाही — इकडं या, मी इथं — तिला नका, तो हात माझ्या —