समुद्राने परत केलेला खण

माय, समुद्र पाहून आले. तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस, “कोणाले इचारून गेल्ती वं?” नातीनं नेलं. तिला रत्नागिरीत नोकरी लागली आहे, आणि आजीनं वरूडच्या संत्र्यांपलीकडं काही पाहिलं नाही याची तिला फार दया. मी सांगते, ती लिहिते, आणि माझं बोलणं जिथं तिला टोचतं तिथं सरळ करते. मला अक्षर येत नाही हे बरंच आहे, नाहीतर तिच्या चुका काढत बसले असते.

एका दिवसात सगळं दाखवायचं असं तिनं ठरवलं होतं. सकाळी किल्ला, मग दीपगृह, मग इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला जिथं कैदेत ठेवलं होतं तो राजवाडा. तिथून दूरवर पाणी दिसतं. “किती छान व्ह्यू आहे ना, आजी?” मी म्हटलं, “त्या राजाले इचार. आपल्या गावचं बोलाले कोणी नाई, त्याले काय करायचा व्ह्यू?” ती हसली, म्हणून मीही हसले. दुपारी शेजारच्या ताटात मासा आला, उघड्या डोळ्यांनी माझ्याकडंच पाहत होता. म्हटलं, “बाप्पा, तू तुझं पाह्य, मी वरणभात खातो.” दिवसभर जो तो मला आजी म्हणत होता. पोरी म्हणणारं कोणी उरलं नाही, माय. तुला पाहिलेलं माणूससुद्धा आता मी एकटीच.

खरं तर मी काही पाहायला गेलेच नव्हते. पिशवीत तुझा हिरवा खण होता. रामेश्वरच्या समुद्राची ओटी भरायला तू घेतला होतास तो. बाबा गेल्यापासून तू माझ्याच घरी होतीस. त्या वर्षी गावातून बायांची यात्रेची बस निघाली, तू चिवडा केलास, खण घडी करून ठेवलास. बसवाली बाई विचारायला आली तेव्हा तू विहिरीवर होतीस. तिला मी सांगितलं, “मायचे गुडघे धरले, नाई येत ते.” आणि तुला सांगितलं, बस भरली. तू ओल्या पायांनी दारात उभी राहिलीस. मग म्हणालीस, “भरली तं भरली. बस काय आपल्या बापाची हाय?” चिवडा तू संत्री तोडणाऱ्या बायांना वाटून टाकलास. पुढच्या उन्हाळ्यात तूच गेलीस, समुद्र न पाहता.

उन्हं कलल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. रेती काळी, आपल्या वावरासारखी. आपल्या वर्धा नदीची ओटी भरतो तशीच भरली: तुझा खण, नारळ, तांदूळ, घरचं एक संत्रं. पाण्यात सोडलं, “माय, माफ कर” म्हटलं आणि मागं न पाहता वळले. नदी दिलेलं घेऊन जाते, आपल्याला तेवढंच ठाऊक. चार पावलं चालले नाही तोच घोट्याला काहीतरी गार चिकटलं. खण! पुन्हा सोडला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा संत्रंही सोबत घेऊन आला. बाजूला जाळं आवरणारी बाई हसायला लागली. “आजी, भरती लागलीय. आता तो सगळं आणूनच टाकणार. ओहोटीला सोडा.” नात म्हणाली, “थांबू या ना.” मी नको म्हटलं आणि खण पिळून पिशवीत घातला. मला वाटलं, हा तूच परत केलास. मी अर्धीच गोष्ट सांगून माफी मागितली की तू अशीच करायचीस. माझ्याकडं पाहत राहायचीस आणि म्हणायचीस, “मंग?”

तर घे. इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की संत्र्याचा तोडा होता, तुझ्याविना कामाचं निभलं नसतं. निभलं असतं. बाया पुष्कळ होत्या. नातीनं आत्ता लिहिणं थांबवून विचारलं, “मग काहून, आजी?” वर हेही विचारते की पाकिटावर पत्ता काय घालू. पाकीट नको म्हटलं, घडी करून माझ्या हातात दे. माय, तेव्हा आमचे हे मंडीच्या कामात, पंधरा-पंधरा दिवस बाहेर, आणि त्या घरात माझ्याशी बोलणारी तू एकटी होतीस. आठ दिवस तुझ्याविना राहायला मी भ्याले होते.