आठ माणसांचं बिल

गुरुवार, संध्याकाळ

जर्मनीतल्या आमच्या या गावाच्या अग्निशमन दलाचं बिल आलं. एक गाडी, आठ माणसं, एक तास. आग आपसूक लागली असती तर पैसे घेतले नसते म्हणे. पेटता दिवा ठेवून घराला कुलूप लावलं, हा आमचा निष्काळजीपणा. नाही कसं म्हणू?

त्या दिवशी नवरात्राची सातवी माळ होती. अखंड दिवा विझू द्यायचा नाही, सासूबाईंनी फोनवर दोनदा बजावलेलं. ईराला किटामधून, इथल्या पाळणाघरातून, आणायला वीस मिनिटं तर लागतात! परत आले तर खिडकीतून धूर, दारात लाल गाडी. पडदा आणि देव्हारा जळाला. बाकी घर वाचलं.

निखिल म्हणाला, "भरून टाकू आणि विषय संपवू."

"आठ लिहिलंय रे," मी म्हटलं.

ही माणसं पगारी नाहीत. पेजर वाजला की हातातलं काम टाकून दलाच्या शेडकडे पळतात. मागच्या गल्लीतले बर्न्ड, आमचा गळका नळ हसत हसत दुरुस्त करून देणारे, त्या दिवशी तसेच सायकलवर निघाले आणि वाटेत ओल्या पानांवरून घसरून डोक्यावर पडले. चौथ्या दिवशी गेले. चर्चबाहेर त्यांच्या बायकोने माझा हात धरला. तिला दिव्याचं कोणी सांगितलं असेल का? मी तर नाही सांगितलं.

जेवताना पुन्हा विचारलं, "आठच का लिहिलंय?"

निखिलने ताटातून मान वर केली नाही. "बरोबर आहे गं. पोचले तेवढेच ना."