दोन घरचा फूटपाथ

४ मार्च

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या घराचं छप्पर मला खिडकीतून दिसतं, मधे फक्त चार घरं आहेत, आणि मी तुम्हाला तिकीट लावून पत्र पाठवते आहे. हसा. पोस्टमनला म्हटलं, जाता जाता त्यांच्या हातात दे. तर म्हणाला, शिक्का बसल्याशिवाय ते पत्रच नाही. म्हणजे हे आधी मोठ्या पोस्टात जाणार आणि तिथून फिरून आपल्याच गल्लीत येणार. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ओरडून बोललं की मधल्या चारही घरांना सगळं कळतं.

आपल्या फूटपाथची पार दैना झाली आहे. निम्म्या फरश्या फुटल्या, उरलेल्या पाय ठेवला की डुलतात. डॉक्टरांनी बजावलंय, गुडघा दुखरा आहे, डावा पाय सपाट जागेवरच टाकायचा. रस्त्यावरून यावं तर बस अंगाला घासून जाते. टॅक्सीवाला पत्ता ऐकून आधी हसला, मग म्हणाला रस्ता एकतर्फी आहे, सगळ्या गावाला वळसा पडेल. तुम्ही मात्र यायच्या भानगडीत पडू नका. गेल्या वेळी मनगट मोडून घेतलंत तेवढं पुरे.

रस्ते खात्याला विचारलं, तर फूटपाथ वॉर्डाचा. वॉर्ड कचेरीत विचारलं, तर तो रस्ते खात्याचा. दादाने जन्मभर नगरपालिकेत नकाशे काढले. तो कधी काही बोलला होता का?

आणि ते "इथेच राहायला या" पुन्हा लिहू नका. नवरा गेला आणि नणंद माहेरी ठाण मांडून बसली, असं कोणी म्हटलेलं मला खपणार नाही. भेटायला येईन, राहायला नाही.

लोभ आहेच, फूटपाथही असावा ही विनंती.

तुमची नणंद


१५ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन आला तो भर रस्त्यातून. फूटपाथवर पाय ठेवायला तोही तयार नाही.

जबाबदार कोण म्हणून विचारता? तुमचे दादा! वॉर्ड आणि रस्ते खातं यांच्यातली हद्दीची रेघ त्यांनीच फूटपाथच्या मधोमध ओढली, ती उभी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घरांकडची अर्धी बाजू वॉर्डाची, रस्त्याकडची अर्धी खात्याची. दोघांच्या गळ्यात घातलं की एक तरी करेल, हे त्यांचं डोकं. मी तेव्हाच म्हटलं होतं, दोन घरचा पाहुणा उपाशी. तर म्हणाले, तुला कारभारातलं कळत नाही. आता भिंतीवरच्या फोटोतून हसताहेत.

तुमच्या तक्रारीवरून काल दोन्हीकडचे साहेब पाहणीला आले होते. मधे खडूने रेघ मारली आणि आपापल्या बाजूला उभे राहिले. तेवढ्यात वॉर्डाचे साहेब फरशीवरून सटकले ते थेट आडवे. डोकं स्वतःच्या हद्दीत, पाय खात्याच्या. मग त्यांना उचलायचं कोणी, यावर वाद! पडलेले साहेब पडल्या पडल्या नियम सांगत होते. शेवटी मीच दाराची चौकट धरून त्यांना हात दिला. तर उठून मला म्हणाले, हात द्यायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. निदान ओठांवरून मला तसं वाटलं.

हसून हसून पोट दुखलं, आणि ते सांगायला घरात कोणी नव्हतं. वन्सं, खरं सांगते, घर खायला उठतं. राहायला या असं मी लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी


२ मे

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

दादाने असं करावं ना! लहानपणी आमच्या दोघांच्या पलंगांच्या मधेही तो खडूने रेघ मारायचा. मोठा झाला तरी खोड गेली नाही.

रस्ते खात्याला अखेर जाग आली. त्यांनी आपली अर्धी बाजू केली. एक पाऊल मावेल एवढी रुंद, पण काय गुळगुळीत! उद्घाटनाची फीतसुद्धा अर्ध्याच रुंदीची बांधली. फीत कापणाऱ्या बाईंचा एक पाय नव्या फरशीवर आणि दुसरा वॉर्डाच्या खड्ड्यात.

मी लगेच काठी उचलली. तुमच्याकडे येताना रस्ता माझ्या डाव्या हाताला, म्हणजे डावा पाय सपाट जागेवर आणि धडधाकट उजवा खड्ड्यांतून. छान जमलं. पहिल्या खांबापर्यंत गेले आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला: परतताना रस्ता उजव्या हाताला येणार आणि दुखरा पाय नेमका खड्ड्यात! शेवटी उलटी चालत घरी आले. मला वेड लागलं म्हणून शेजारचे बाहेर येऊन बघत होते. उलटं चालून गुडघ्याला काही होईल का म्हणून विचारलं, तर डॉक्टरांनी फोनच ठेवला.

खात्याला कळवलं. ते म्हणतात, वहिनींकडे पोचण्याची जबाबदारी आमची, परतण्याची वॉर्डाची. वॉर्ड म्हणतो, पुढे बघू. म्हणजे मी तिकडे आले की अडकले. काय करू ते तुम्हीच सांगा. दोन दिवस झाले, काठी दाराशीच उभी आहे आणि माझा जीव तिकडे लागला आहे.

उत्तर लवकर पाठवा, पोस्टाच्या चालीने नको.

तुमची नणंद


९ मे

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

परतण्याची जबाबदारी माझी. या.

लोकांना सांगू, फूटपाथ खराब आहे. खोटं थोडंच आहे? तुम्ही राहायला आलेल्या नाहीत, अडकलेल्या आहात. अडकलेल्या माणसाला कोण नावं ठेवणार? तुमचा पलंग खिडकीपाशी टाकला आहे. येताना विणायच्या सुया आणा. समोर बसून बोललात की मला सगळं कळतं, तेव्हा बोलणंही भरपूर आणा.

ह्यांच्या फोटोला सांगून टाकलं, तुमची रेघ एकदाची कामाला आली.

वाट बघते आहे, याहून जास्त काय लिहू?

तुमची वहिनी


२० नोव्हेंबर, जेवणाच्या टेबलावर

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमची दुपारची झोप मोडवेना म्हणून ही चिठ्ठी, बिनतिकिटाची.

काल वॉर्डाची माणसं उरलेली अर्धी बाजू करून गेली. तुम्ही ते खिडकीतून बघितलंत, मीही बघितलं, आणि रात्री जेवताना दोघींनी त्यावर चकार शब्द काढला नाही. तुम्ही मला तीनदा भात वाढलात आणि पानाकडेच बघत राहिलात. आज सकाळी मी दारापुढे चालून पाहिलं. आता जाताही येतं आणि परतताही येतं. तेव्हा मी माझ्या घरी जाते आहे.

तिथलं सामान बांधायला. शिवणाचं मशीन आणते, माझी उशी आणते, आणि आमच्या ह्यांचा फोटो आणते. तो दादाच्या शेजारी लावू, दोघांनाही भांडायला सोबत होईल. घरमालकाला किल्ली देऊन उजेड आहे तोवर येईन.

लोकांनी विचारलं तर यापुढे फूटपाथवर ढकलू नका. सरळ सांगा, वन्सं राहायला आल्या आहेत. आणि याला जबाबदार कोण म्हणून विचारलं, तर माझं नाव सांगा.

लोभ आहेच. दार तेवढं आतून लावू नका, तुम्हाला घंटा ऐकू येत नाही.

तुमची नणंद