ए ग्रेडचा चेहरा

५ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०
नवीन वही. मुद्दाम बिनरेघांची आणली. कलावंताला रेघा चालत नाहीत.

तेजस्वीच्या लग्नात मी तिच्या सासऱ्यांना, जोतीरामरावांना, सहज बोललो होतो की आपण मूळचे चित्रकार. खोटं नाही. आठवीत एलिमेंटरीची परीक्षा, ए ग्रेड. सर्टिफिकेट ट्रंकेत आहे. आता व्याह्यांनी गडहिंग्लजला घर बांधलंय. काल फोनवर म्हणाले, पावणं, हॉलची मोठी भिंत तुमच्या चित्रासाठी मोकळी सोडलीया, दुसरं कायबी लावणार न्हाय. वास्तुशांत २ मार्चला. तेजस्वीनं सासरी सगळ्यांना सांगून ठेवलंय. म्हणजे आता प्रश्न एकुलत्या लेकीच्या अब्रूचा.

मधे चौतीस वर्षं हेडक्लार्की झाल्यामुळे हात जरा आखडलाय. तालमीच्या माडीवर दर रविवारी चित्रकलेचा वर्ग असतो, मोठ्यांचा आणि शाळकरी पोरांचा एकत्र. फी इतकी कमी की संशय येतो. शिकायला नाही, हात मोकळा करायला जातोय.

त्याच दिवशी, ११.३०
शी!

खालून आखाड्याच्या तेलामातीचा वास. वर सतरंजीवर अठरा माणसं, मला धरून. शिकवणाऱ्या वर्षाराणी मॅडम तेजस्वीपेक्षा लहान. समोर मांडलं काय, तर तांब्या, वांगं आणि घडी घातलेला टॉवेल. चौतीस वर्षं नोकरी करून वांगं काढायचं!

शेजारी कळंब्याच्या धोंडुबाई. पहाटे घरोघर दूध घालतात आणि तशाच येतात. लुगड्याला गोठ्याचा वास. पेन्सिल मुठीत धरतात, खुरपं धरल्यासारखी. मी सुधारायला गेलो, तर म्हणाल्या, धरू द्या की आण्णा, पडत न्हाय न्हवं.

मी काहीच काढलं नाही. निषेध म्हणून.

१२ जानेवारी, रविवार
पुन्हा तोच तांब्या. काढला एकदाचा. मॅडम म्हणाल्या, एका बाजूला फुगलाय. आमच्या वेळी तांबे असेच असायचे, असं सांगितलं. लगेच शेजारच्या पोराचा कागद बघायला वळल्या.

पोरं रबराचा चुरा फुंकतात, तो माझ्या कागदावर येतो. एकजण ब्रश चोखून टोक काढतो. मी नाकाला रुमाल लावला.

संकल्प: उद्यापासून घरी रोज दोन तास सराव.

१५ जानेवारी
सराव नाही. संक्रांतीचे तिळगूळ द्यायला लोक येत राहिले. कलेला शांतता लागते.

१९ जानेवारी, रविवार
कळंबा तलावावर आउटडोअर. डास, चिखल, एकाच्या डब्यातल्या अंड्याचा वास. तरीही मी पलीकडचा डोंगर काढला, भारदस्त आणि काळाभोर. धोंडुबाई मागं येऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हटलं, शेवटी कदर झाली. तर म्हणाल्या, म्हस बरी जमलीया आण्णा, पर शेपूट इसरलासा.

अशा लोकांत बसून चित्रं काढायची. धोंडुबाईंनी स्वतः काय काढलं ते मी बघितलंसुद्धा नाही. मॅडमनी सगळ्या वर्गाला दाखवलं, तेव्हा मी तलावाकडं तोंड करून बसलो.

२६ जानेवारी, रविवार
झेंडावंदन, वर्ग बंद. भिंतीसाठी चार बाय तीनचा कॅनव्हास आणला. विषय: सूर्योदय. रिक्षात मावेना, ड्रायव्हर म्हणाला, पावणं, खाट हाय काय? या गावात संस्कृती उरली नाही.

लीलानं ट्रंक आवरताना सर्टिफिकेट काढलं. त्यावर सी ग्रेड आहे. इतक्या वर्षांत शाई उडून ए चा सी झालाय. लीला म्हणाली, शाई उडून ए चा सी कसा होईल? बायकोला चित्रकलेतलं काही कळत नाही.

रात्री तेजस्वीचा फोन. आण्णा, जमतंय न्हवं? नसेल तर आत्ताच सांगा, मी इथं काहीतरी सांगून सावरते. मी म्हणालो, अर्धं झालंय. कॅनव्हासची सुतळी सोडून झाली होती.

तीही चित्रं काढायची लहानपणी. ऑफिसमधून आलो की वही घेऊन दारात उभी. सातवीत सोडलं तिनं. चिकाटी नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
आज वहीचं पान पुरणार नाही.

व्यक्तिचित्र सुरू झालं. पैसे देऊन मॉडेल आणणं वर्गाला परवडत नाही, म्हणून आपल्यातलंच एकजण बसवायचं. मॅडमनी सगळ्यांचे चेहरे नीट न्याहाळले आणि मला निवडलं. म्हणाल्या, आण्णा, तुमच्या चेहऱ्यावरचा भाव तासभर जराही बदलत नाही, काढायला सोपा आहे.

भाव! सतरा जणांत कोणाकडे भाव नव्हता.

कसा चेहरा करू, विचारलं. म्हणाल्या, काही करू नका, आहे तसाच ठेवा. मी गंभीर आणि विचारमग्न ठेवला. समोर यशराज नावाचा पोरगा नाकात बोट घालून माझंच चित्र काढत होता, तरी ढळलो नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
पुन्हा बसलो. तेजस्वीच्या लग्नातला फेटा बांधून गेलो होतो. मॅडमनी काढायला लावला. मान आखडली. धोंडुबाई माझ्याकडं गिऱ्हाईक दूध बघतं तशा टक लावून बघतात. सहन केलं.

सव्वा तास खुर्चीत बसल्यावर चित्र कसं काढणार? सूर्योदय राहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार
वर्गाला दांडी मारून सूर्योदय केला. सकाळी सात ते अकरा. लीला चहा घेऊन आली, म्हणाली, हाफ फ्राय छान झालंय.

रंगाची क्वालिटी भिकार. कॅनव्हास खाटेखाली सरकवलाय, तोंड जमिनीकडं करून. दोन आठवडे आहेत. घाईत कला होत नाही.

पुढच्या रविवारी वर्गाचं प्रदर्शन. व्याह्यांना आधीच बोलावून बसलोय.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
माझं चित्र नाही लावलं. मी दिलंच नव्हतं म्हणा. पण भिंतीभर मीच होतो. सतरा वेळा.

सतराही चित्रांत नाक आकसलेलं, वरचा ओठ एका बाजूला चढलेला, डोळे बारीक. पायाखाली काहीतरी घाण आल्यासारखं तोंड. सतरा जणांनी एकच चूक केली, म्हणजे मॅडमनी शिकवलंच चुकीचं. तसं बोललोही. मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या, आण्णा, आत्ता अगदी तस्सेच दिसताय. सगळे हसले.

दारातून आलेल्या एका बाईंनी विचारलं, ही कचरा टाकू नका मोहिमेची पोस्टरं हायती काय?

तेवढ्यात जोतीरामराव गडहिंग्लजहून एसटीनं हजर. मी तोंड लपवायला खिडकीपाशी गेलो. ते एकेक चित्र बघत धोंडुबाईंच्या चित्रापाशी थांबले. मुठीत पेन्सिल धरून काढलेलं. माझ्या कानावरचे केससुद्धा सोडले नव्हते बाईनं. व्याही म्हणाले, हुबेहूब! पावणंच घरात बसल्यागत वाटतंय. झालं, भिंतीवर हेच. तुमी कायबी काढू नगा आता.

धोंडुबाई लाजून म्हणाल्या, न्या की, माझ्या घरात कुठं लावू? म्हशी बिचकतील.

मी आभार मानले. वेळ तरी वाचला.

२ मार्च, रविवार. गडहिंग्लज
वास्तुशांत झाली. भिंत मोठी, चित्र मोठं, सोनेरी फ्रेम. समोरच जेवणाच्या पंगती. प्रत्येक माणूस घास घेताना वर बघत होता आणि घास खाली ठेवून पानात बघत होता, काही पडलंय का म्हणून. एका म्हाताऱ्यानं आमटी नासलीया का, असं वाढप्याला विचारलं.

जेवणं उरकल्यावर तेजस्वी एकटीच चित्रासमोर उभी होती. मी गेलो. म्हटलं, तुझी अब्रू गेली की गं. ती म्हणाली, न्हाय आण्णा, सासऱ्यांना लई आवडलंय. मग म्हणाली, मी वही घेऊन दारात उभी राहायची न्हवं, तवा अस्सं बघायचा तुमी. रोज. हेच तोंड.

मी म्हणालो, मी तर विचारमग्न असायचो.

तिनं फ्रेम जरा सरळ केली. मी म्हणालो, वही आण, आता बघतो नीट. ती म्हणाली, सातवीतच बंबात घातली. पाणी मात्र चांगलं तापलं त्या दिवशी. आणि हसली. मला हसू आलं नाही. फार वाईट वाटलं, ते इथं लिहून ठेवतो.

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
दाढी करताना आरशात बघितलं. नाक सैल सोडलं. ओठ खाली आणला. कोणी वही दाखवत असेल तर करावा तसा कौतुकाचा चेहरा करून बघितला. तीनदा केला.

लीला मागून म्हणाली, दाढ दुखतीय व्हय? लवंग देऊ?

हो म्हणालो. लवंग चघळतोय.